रा. रा. एमआरआय रिपोर्टसाहेब यांस अनावृत पत्र

रा. रा. एमआरआय रिपोर्टसाहेब (लम्बर स्पाइन),
मुक्काम कपाटाचा माथा, जुन्या दिनदर्शिकांच्या गठ्ठ्याखाली,
यांसी कृ. सा. न. वि. वि.

यातला साष्टांग नमस्कार कागदोपत्रीच समजावा. प्रत्यक्ष घालायचा म्हटला तर खाली जाणं एक वेळ जमेल, पण उठवायला माणूस लागेल, आणि वेळ पहाटेची असली तर दोन लागतील. अर्थात हे आपल्याला सांगायला नको. माझ्या कंबरेविषयी माझ्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं, असं आमच्या घरात सगळेच धरून चालत आले आहेत.

पत्राचं कारण एवढंच, की आपण एवढी कामगिरी केलीत आणि आपला जाहीर सत्कार राहून गेला. शाल-श्रीफळ आपल्या काय कामाचं? तेव्हा चार शब्द.

आपल्या आगमनाची तयारी अजून आठवते. त्या खोलीत धातूचं काही चालत नाही म्हणून बाहेरच्या बाकावर बसून मी मंगळसूत्र काढलं, कानातली काढली, केसांतल्या पिना काढल्या. जोडवी काही केल्या निघेनात. बाळंतपणात पाय सुजले, तेव्हापासून ती बोटांत रुतलेली. शेवटी तिथल्या मावशींनी बेसिनपाशी नेऊन साबण चोळला आणि ओढून काढली. सगळा ऐवज ह्यांच्या शर्टाच्या खिशात. मग ती अरुंद नळी, कानात कापसाचे बोळे आणि बराच वेळ धडधड, खडखड, मधूनच टुंग-टुंग. सूचना एकच : हलायचं नाही. न हलता पडून राहिलं की दुखतं, हीच तर माझी तक्रार होती. पण तक्रार ऐकणं हे काही त्या यंत्राचं काम नव्हे.

संध्याकाळी आपण मोठ्या पिशवीतून घरी आलात. ह्यांनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. सासऱ्यांनी चष्मा बदलून पाहिली. शेजारचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले, म्हणजे कुठल्याही वायरिंगवर बोलायचा त्यांना अधिकार. त्यांनी 'हे बघा, इथे दबलंय' म्हणून एके ठिकाणी बोट ठेवलं. ते माझं मूत्राशय होतं, हे मला पुढे पुष्कळ दिवसांनी कळलं.

आपली भाषा आम्हा पामरांना कुठली कळायला! 'एल-४–एल-५ आणि एल-५–एस-१ या ठिकाणी डिफ्यूज डिस्क बल्ज, थीकल सॅकवर माइल्ड इंडेन्टेशन, डिस्क डेसिकेशन.' त्यातला 'माइल्ड' कोणी वाचला नाही. 'बल्ज' मात्र सगळ्यांनी वाचला. रात्रीच्या जेवणापर्यंत निकाल जाहीर झाला : गादी सरकली. दुसऱ्या दिवशी तो सोसायटीभर झाला.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. आपण आलात म्हणून पुष्कळ जण निर्दोष सुटले. तोवर आमच्याकडे संशयितांची रांग लागलेली. माझ्या आईचं म्हणणं, सीझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं तिथेच घात झाला. (सुई टोचली त्या जागी थोडे दिवस दुखतं, हे खरं. पण त्या सुईने वर्षानुवर्षं कंबर दुखते, असं बायकांचा पाठपुरावा करून झालेल्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आपल्याकडे तरी नात कॉलेजात जाईपर्यंत त्या सुईला माफी नसते.) सासूबाईंच्या मते शेक-शेगडीत कसूर झाली. त्यांच्या वेळी सव्वा महिना बाजेखाली निखारे असायचे, आणि आम्ही हॉट वॉटर बॅगवाल्या. ह्यांनी रस्त्यातल्या खड्ड्यांना धरलं. आत्याबाईंनी वात ठरवून वांगं आणि हरभऱ्याची डाळ बंद केली. आपण आलात आणि सगळ्यांना एका ओळीत सोडून दिलंत. वांगं तेवढं अजून तडीपार आहे.

माझीही सुटका झाली, ती कशातून, तेही सांगते. माझ्या दुखण्याला एक वाईट खोड होती. ते वेळ पाळायचं. रात्री तीन-साडेतीनला जाग यायची. कूस बदलायची म्हणजे आधी मनाशी बेत, मग पलंगाची कड धरून अंमलबजावणी. साडेपाचला डब्याच्या पोळ्या लाटायला उभी राहिले, की कंबर अशी आखडलेली की ओट्याला पोट टेकवून लाटणं चालवायची. खाली पडलेला चमचा पायाने सरकवून ठेवायची. मग केर, आंघोळ, मुलीला पाळणाघरात सोडणं, शाळेपर्यंतची चाल. दहा वाजेपर्यंत दुखणं कुठल्या कुठे. वर्गात उभं राहून तास घेतले तरी काही नाही. दुपारी वह्या तपासायला खुर्चीत बसले की पुन्हा सुरू. रविवारी जरा पडून घेतलं की सोमवार बघायला नको. आणि हिवाळ्यात शाळेची मुलं घेऊन अजिंक्यतारा चढले-उतरले, तर दिवसभर आपल्याला कंबर आहे याचीच आठवण नाही.

आता आपणच न्याय करा. सुनेची कंबर पोळ्यांच्या वेळेला धरते आणि किल्ला चढताना मोकळी होते. घरातल्या माणसांनी यातून काय अर्थ काढायचा? कोणी तोंडावर काही बोललं नाही, आमच्याकडची माणसं तशी चांगली आहेत. फक्त सहलीचे फोटो पाहताना सासूबाई म्हणाल्या, 'वरती हवा चांगली असेल.'

अशा वेळी आपण मला कामचुकारांच्या यादीतून काढून पेशंटांच्या यादीत घातलंत. त्याबद्दल आभार. माझ्या शब्दावर कोणाचा विश्वास नव्हता. तो पाच-सात हजार रुपये मोजून विकत मिळतो, हे आपल्यामुळे समजलं.

आता थोडं आपल्या कीर्तीविषयी. आपलं घराणं थोर. ज्या शोधातून आपला जन्म झाला, त्याबद्दल लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड या दोघांना २००३ साली नोबेल मिळालं. आपला आवडता आरोपीही जुना. मणक्यांमधली गादी फाटून नस दाबली जाते आणि पाय दुखतो, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९३४ साली छापून आणलं, आणि तेव्हापासून जगातल्या कुठल्याही पाठीला काहीही झालं तरी पोलीस आधी गादीच्या घरी जातात.

पण साहेब, आपल्याविषयी लोक काय काय लिहून बसले आहेत! १९९४ साली अमेरिकेत ९८ धडधाकट माणसांना आपल्या त्या नळीत घातलं. पाठदुखीचं नाव नसलेली माणसं. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांच्या, ५२ टक्के जणांच्या, कुठल्या ना कुठल्या गादीला फुगवटा निघाला. २०१५ साली असे ३३ अभ्यास एकत्र करून ३,११० बिनदुखण्याच्या माणसांचा हिशेब मांडला गेला. विशीतल्या ३० टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या, पन्नाशीतल्या ६० टक्क्यांच्या, ऐंशीतल्या ८४ टक्क्यांच्या. गादी झिजत जाणं, ज्याची एक खूण 'डेसिकेशन' म्हणून दाखवून आपण आम्हाला घाबरवता, ते तर विशीतच ३७ टक्के आणि ऐंशीत ९६. म्हणजे ज्या गोष्टीचा आपण पंचनामा केलात, ती केस पिकण्याइतकी नेमाची. माझ्या डोक्यावरचे पांढरे केसही फिल्मवर आले असते, तर आपण त्यांचीही पातळीवार नोंद केली असतीत.

आणखी एक किस्सा आपल्याला आवडेल. ६३ वर्षांच्या एका बाईंना तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांत नेऊन त्यांच्या कंबरेचा एमआरआय काढला. बाई तीच, पाठ तीच. दहा रिपोर्टांत मिळून ४९ निरनिराळे दोष निघाले, आणि दहाही जणांनी एकमताने लिहिलंय असा एकही दोष त्यांत नव्हता. हे २०१७ साली छापून आलं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत याहून जास्त एकमत होतं.

बरं, निकालानंतर शिक्षा भोगायची ती कोणी? गादीने नव्हे. मीच.

पहिली शिक्षा, सक्त विश्रांती. 'वाकायचं नाही, उचलायचं नाही, फळीवर पडून राहायचं.' मुलगी दीड वर्षाची, तिला उचलायचं नाही म्हणजे तिला कोणी सांगायचं? साध्या पाठदुखीतसुद्धा सात दिवस झोपून राहणाऱ्यांपेक्षा दोन दिवस झोपणारे कामावर लवकर परततात, हे १९८६ सालीच सिद्ध झालेलं. ती बातमी साताऱ्याला पोचायला वेळ लागला असावा. माझं दुखणं तर पडून राहिलं की माजणारं. आपल्या कृपेने मी त्याला दिवसभराची गादी घालून दिली. फळीवरची.

मग पट्टा. पाठीत पट्ट्या असलेला, पुढून चिकटवायचा, मे महिन्यात साडीखाली. त्याच्या आत घाम, घामोळं आणि माझं चारित्र्य, तिन्ही घट्ट राहिली. मग ट्रॅक्शन : पलंगाला बांधून पायाकडून वजनं लावून ओढायचं, म्हणजे मणके लांब होतात आणि गादी शहाण्यासारखी आत जाते, असा त्यामागचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत पट्टा आणि ट्रॅक्शन हे दोन्ही 'नेहमीसाठी वापरू नका' या यादीत आहेत. व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं ही वापरायच्या यादीत. समजावून सांगण्याचं यंत्र अजून निघालेलं नाही, त्यामुळे त्याचं बिल करता येत नाही. अडचण समजण्यासारखी आहे.

कटिबस्तीही झाली. उडदाच्या पिठाचं आळं कंबरेवर बांधून त्यात कोमट तेल ओतत राहायचं. सांगायला हरकत नाही, सगळ्यांत सुख त्यात होतं. तेल निवलं की दुखणं परत, पण तेवढा वेळ कोणीतरी न बोलता पाठीशी बसून असायचं.

आणि गोळ्या. त्यांची गंमत ऐकाच. सूज उतरवणारी दुखण्याची गोळी मला पाच दिवस दिली, की दुसऱ्या दिवशी मी पहाटे नाचत उठायची. पाच दिवस संपले की पुन्हा ओट्याला पोट. मी म्हणायची, 'डॉक्टर, गोळीने इतकं बरं वाटतं!' उत्तर यायचं, 'म्हणूनच बंद करायची. सवय लागेल.' गोळी इतकी लागू पडते हा एक पुरावा असू शकतो, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. कसं येणार? पुराव्याचं सगळं काम आपण एकट्याने अंगावर घेतलेलं.

एका ठिकाणी तर ऑपरेशनचा खर्चही कागदावर आकडा घालून मिळाला. फिल्म वर धरून, माझ्याकडे न बघता. त्या घाईत मी पेशंट आहे की फिल्मवाली, असा मलाच क्षणभर प्रश्न पडला.

आता एका बाईची ओळख करून देते. ह्यांच्या गावाकडे एक पायाळू आजी आहेत. पायाकडून जन्मलेल्या माणसाने पाय लावला की उसण जाते, हे आपल्या ग्रंथात नसेल, आमच्यात आहे. ऑपरेशनचा कागद पाहिल्यावर सासूबाई म्हणाल्या, लाथ फुकट आहे, आधी ती खाऊन बघ. गेलो. आजींनी मला उंबऱ्याशी पाठमोरं उभं केलं, लुगडं सावरलं, पाय उचलला आणि थांबल्या. 'कवा दुखतंय गं? काम केल्यावर का झोपून उठल्यावर?'

मी म्हटलं, झोपून उठल्यावर. काम केलं की बरं वाटतं.

आजी म्हणाल्या, 'मग ही उसण न्हवं. उसण कामानं वाढती.' तरी आलोय एवढ्या लांबून, म्हणून तीनदा अलगद पाय टेकवला, चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत.

साहेब, तोवर मी ज्यांच्या ज्यांच्यापुढे बसले होते, त्यांतल्या कोणीही हा प्रश्न विचारला नव्हता. मी सांगायला जायची, पण तोवर आपण पिशवीतून बाहेर आलेले असायचात. 'रिपोर्ट आणलाय ना? द्या.' झालं. पुढचं संभाषण आपलं आणि त्यांचं. मी तिसरी.

आपण मात्र फार हुशार. आपल्या तळाशी, सहीच्या वर, बारीक अक्षरात एक ओळ आहे. मी ती कितीतरी उशिरा वाचली : 'क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड.' म्हणजे, बाबांनो, मी पाहिलं ते लिहिलं. पेशंटला काय होतंय ते तिला विचारून दोन्हीचा मेळ घाला. वा! सगळं गाव पेटवून द्यायचं आणि तळटीप टाकायची, की आग लागली आहे का याची स्थानिक पातळीवर खातरजमा करावी.

पुढची हकिगत डोळ्याची आहे. एके दिवशी उजवा डोळा लाल झाला. एकच डोळा. आत ठणका, उजेड सोसवेना, धूसर दिसायला लागलं. वर्गातल्या दोघा-तिघांचे डोळे आलेले, म्हणून तेच असेल असं वाटलं. चिपडं मात्र येत नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी हनुवटी टेकवायला सांगून त्या यंत्रातून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि डोळा सोडून भलतंच विचारलं : 'तुमची कंबर दुखते का हो?' मी म्हटलं, दुखते, गादी सरकलीय. 'ते असू दे. सकाळी उठल्यावर किती वेळ आखडलेली असते? अर्ध्या तासाच्या वर? रात्रीच्या उत्तरार्धात जाग येते? कधी डावं ढुंगण, कधी उजवं, असं दुखतं?' मी खुर्चीतून पडायची बाकी राहिले. माझ्या पहाटेची हकिगत ती बाई माझ्या बुबुळात वाचत होती.

डोळ्याच्या आतल्या त्या सुजेला युव्हिआयटिस म्हणतात. ती वेळेत थेंब घालून आवरली नाही तर नजरेवर बेतते. आणि तरुण माणसाला असा एकच डोळा अचानक लाल झाला, तर त्याच्या पाठीची चौकशी करायची असते. त्यांनी थेंब दिले आणि चिठ्ठी दिली, पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांच्या नावाची.

तिथे मी सवयीने आपल्याला टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी आपल्याला बाजूला सरकवलं. हो, न उघडता. मला वाटलं, आपला अपमान होतोय, काही बोलावं. पण ते विचारत गेले आणि मी सांगत गेले, पोळ्यांपासून अजिंक्यताऱ्यापर्यंत. मग मला पाठमोरं उभं केलं. कंबरेला दोन बाजूंना खळ्या असतात, त्यांच्या रेषेत पेनने एक खूण केली, तिथून टेपने बरोबर दहा सेंटिमीटर वर दुसरी, आणि म्हणाले, गुडघे न वाकवता जमेल तेवढं खाली वाका. टेप शिंप्याचा असतो तसला, पिवळा. लवचीक पाठीत वाकल्यावर ते दहाचे निदान पंधरा होतात. माझे तेरा झाले. भिंतीला टाचा लावून डोकं टेकतं का पाहिलं, श्वास भरून छाती किती फुगते ते मोजलं. वीज लागली नाही, जोडवी काढावी लागली नाहीत.

रक्तात एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आलं. (१९७३ साली याचा आणि डॉक्टरांना संशय होता त्या आजाराचा संबंध सापडला. नुसतं पॉझिटिव्ह असणं म्हणजे आजार नव्हे. ज्यांच्यात ते असतं त्यांतल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. हे मी आपल्यासाठी मुद्दाम लिहिते आहे, नाहीतर आपले चुलत बंधू, म्हणजे रक्ताचे रिपोर्ट, उद्या तोच धंदा सुरू करतील.)

आणि मग आपले धाकटे बंधू आले. तीच नळी, तीच धडधड, जोडव्यांसाठी तोच साबण. पण या खेपेला चिठ्ठीवर नेमकं लिहिलेलं, की कणा खाली कटीच्या हाडांना मिळतो ते दोन सांधे बघा, हाडाच्या आतली सूज पांढरी उठून दिसेल अशा पद्धतीने बघा. दोन्ही सांधे सुजलेले निघाले. नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या कुळातलं. शरीराचीच संरक्षणव्यवस्था आपल्या सांध्यांवर चालून जाते आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर मणके हळूहळू एकमेकांना चिकटत जातात, असा तो प्रकार. आपण वरच्या मणक्यांची इतकी बारीक वर्णनं केलीत, त्याच वेळी खालच्या मजल्यावर आग चाललेली, आणि ते सांधे आपल्या चौकटीच्या कडेला अर्धवट कापले गेलेले. तो भाग बघायला आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं, हे मान्य. सांगितल्याशिवाय इकडे-तिकडे बघायचं नाही, हा सरकारी बाणा आपण शेवटपर्यंत पाळलात.

हा आजार ओळखायला जगभर वर्षं जातात, पाच-सात सहज, आणि बायकांच्या बाबतीत आणखी. जुन्या पुस्तकांत तो दहा पुरुषांमागे एका बाईला होतो असं लिहिलेलं. आता फरक त्याहून खूप कमी धरतात. त्या जुन्या पुस्तकांच्या वेळच्या बायका कुठे गेल्या असतील? बहुधा ओट्याशी. सून झाली की पाठ दुखायचीच, हे निदान फुकट असतं.

म्हणजे आता मी बरी झाले का? नाही. हा मुळापासून जाणारा आजार नाही. पण तीच गोळी, जिची सवय लागेल म्हणून धास्ती होती, ती रीतसर, पोट आणि मूत्रपिंड तपासत, ठरलेल्या मात्रेत घेते. रोज व्यायाम, त्याला सुट्टी नाही. तेवढ्याने पुरेना म्हणून इंजेक्शन सुरू झालं. त्याआधी क्षयाची तपासणी करावी लागते, कारण ते औषध शरीराची पहारेकरी फळी थोडी मागे घेतं आणि आपल्या देशात कितीतरी जणांच्या अंगात क्षयाचे जंतू निजलेले असतात. दर दोन आठवड्यांनी कातडीखाली टोचायचं. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी त्याचा खोका असतो, मुलगी त्याला 'आईचं पेन' म्हणते. आपल्याकडे तयार होणाऱ्या औषधांमुळे किंमत उतरली आहे, तरी शिक्षिकेच्या पगाराने दोनदा विचार करावा अशी आहेच. सकाळची आखडण चहाला उकळी येईपर्यंत टिकते. काही सकाळी दुसऱ्या चहापर्यंत.

आपल्यावर राग धरून असं म्हणणार नाही, की आपली गरजच नाही. लघवी-शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर तासही न दवडता आपल्याकडे धावायला हवं. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, पूर्वी झालेला कॅन्सर, अशा पाठींत आपण क्षय किंवा गाठ दाखवून माणूस वाचवता. उलट बहुतेकांची उसण काही आठवड्यांत हिंडता-फिरता जाते, तिथे आपण न आलेलेच बरे. आणि माझ्यासारखीचं निराळंच. प्रत्येक कंबर माझ्यासारखी नसते, हे मी सोसायटीत सांगून थकले. आता जिन्यात मला गाठून लोक आपापला बी२७ करून घेऊ का विचारतात.

एक विनंती. आपल्या तळाची ती बारीक ओळ जरा वर आणता येईल का? पहिलीच ओळ, ठळक अक्षरांत, आणि मराठीत. 'बल्ज'च्या आधी ती वाचली गेली, तर पट्टेवाल्यांचा धंदा थोडा बसेल, पण आपली अब्रू राहील.

बाकी सर्व ठीक. कपाटावर पाल आहे, सांभाळून असावे. कळावे,

आपली,
एल-४–एल-५

ता. क. परवा आमचे धाकटे भावजी कंबर धरून आले. वय एकतीस. बसायच्या आधीच पिशवीतून फिल्म काढली आणि ट्यूबलाइटकडे वळले. मी म्हटलं, ते राहू दे, सकाळी उठल्यावर किती वेळ आखडलेलं असतं ते सांगा. ते जरा गोंधळले. म्हणाले, 'ते रिपोर्टमध्ये लिहिलेलं असेल की, वहिनी.'